हिल्डाच्या हातचं सिमेंट

लीड्स, १४ मार्च १९७१

प्रिय हिल्डा,

टपालवाल्यांचा संप मिटला एकदाचा. सात आठवडे तुझी बोलणी खाल्ली नव्हती, त्यामुळे अंगावर मूठभर मांस चढलंय. आता सुरू कर.

आधी आईचं सांग. नव्या खुब्यावर पाच महिने झाले. जिना चढते का? रात्री दुखतं का? तिला विचारलं तर ती म्हणते, "झकास." दोन्ही पाय मोडले तरी ती झकासच म्हणेल. तू तिची सख्खी भाची, शिवाय तिचं ऑपरेशन झालं त्याच इस्पितळातली ऑपरेशन थिएटरची सिस्टर. म्हणून तुला विचारते.

आता कामाचं. माझी नोकरी तुला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर वस्तू मोडते आणि त्याचा पगार घेते. आजवर पुलांचे बोल्ट मोडले, सायकलच्या साखळ्या मोडल्या. आता आमचे डॉ. पिकल्स तुमच्या सिमेंटच्या मागे लागलेत. खुब्याचा पोलादी दांडा मांडीच्या हाडात ज्यानं पक्का बसवता ना, तेच. पूड एकच, त्यात घालायचा तो उग्र वासाचा द्रव एकच, तरी कुठे ते दहा वर्षं टिकतं आणि कुठे दोन वर्षांत तडकतं. असं का होतं, ते त्यांना शोधायचंय. म्हणून लँकेशायरची चार आणि यॉर्कशायरची पाच, अशा नऊ इस्पितळांकडून नमुने मागवलेत. सोबतच्या डबीत छोटे साचे आहेत. पेशंटचं काम झालं की भांड्यात उरलेला गोळा त्यात दाबायचा, कडक झाला की काढून पाठवायचा. बारा तुकडे हवेत. नाव कुणाचंच नाही, नुसते नंबर.

करशील ना? तुझ्या नवरोबाला, विल्फला, माझा नमस्कार सांग.

तुझी
ऑड्री

---

रॅम्सक्लफ, २८ मार्च

ऑड्रे,

अगं, करशील ना काय विचारतेस? स्पर्धा आहे म्हटल्यावर आम्ही मागे राहू होय? नऊ इस्पितळं, त्यात तुमच्या यॉर्कशायरची पाच! बारा मागितलेस, चौदा पाठवतेय. दोन जास्तीचे तुझ्या त्या पिकल्ससाहेबांच्या टेबलावर शोभेला ठेव.

आता ऐक, तुला गुपित सांगते. हे काम फेटण्याचं आहे. पूड आणि द्रव एकत्र केलं की दुसऱ्या नर्सा चमचा असा फिरवतात, जसा आजाऱ्याच्या पेजेत फिरवावा. मी तसं नाही करत. माझ्या आईनं आणि तुझ्या आईनं दोघींनी मला रविवारचं पुडिंग करायला एकाच ओट्यावर शिकवलं. भांडं कडेवर घ्यायचं, मनगट सैल सोडायचं आणि हात भरून येईस्तोवर पीठ फेटायचं. मी सिमेंटही तसंच फेटते. मिनिटभरात असं मऊ, हलकं होऊन येतं की बघत राहावं. मिस्टर थ्रेलफॉल हातात घेऊन म्हणतात, "सिस्टर, तुमच्या हातचा गोळा म्हणजे लोणी." उभ्या लँकेशायरात त्यांच्यासारखा सर्जन नाही. दोन वर्षं झाली, मंगळवार-गुरुवार ते दुसऱ्या कुणाला भांड्याला हात लावू देत नाहीत. नव्या पोरींनाही मीच शिकवते.

आणि मावशीचं काय विचारतेस? तिच्या वेळी मी हात मोडेपर्यंत फेटलंय. आपल्या माणसाचं म्हटल्यावर दहा-वीस फटके जास्तच पडणार. काठी तिनं फेकून दिलीय. परवा चॅपलमधून येताना कसायाच्या दारात उभी राहून भांडली, चरबी जास्त दिली म्हणून. नव्या खुब्यानं पाय आपटता येतो, याचाच तिला जास्त आनंद आहे.

आमच्या विल्फचा खुबा मात्र आता पार गेला. मागांच्या रांगेतून दिवसभर फिरायचं जॉबरचं काम, त्यात चौदा स्टोन वजनाचं धूड. गेल्या आठवड्यात मागाखाली वाकला तो उठेचना, विणकर बायांनी ओढून काढला. तेव्हापासून त्याच बाया त्याला "आजोबा" म्हणतात. बावन्नाव्या वर्षी! नाव यादीत घातलंय. मिस्टर थ्रेलफॉल म्हणाले, सप्टेंबर.

निकाल लवकर कळव. पहिला नंबर आला तर मी पेपरात छापून आणीन.

हिल्डा

---

लीड्स, ११ जून

प्रिय हिल्डा,

निकालाला वेळ लागला. आमचं यंत्र तुकड्यावर दाब देतं, सोडतं, परत देतं. माणूस पाऊल टाकतो तसं. आकडा आपोआप पडत जातो. माणूस वर्षाकाठी एका पायावर साधारण दहा लाख पावलं टाकतो, तेव्हा एकेक तुकडा मोडायला किती दिवस लागतात ते बघ.

काय सांगू? यॉर्कशायर पुढे आहे, बाई. चिडू नकोस. इकडच्या एका इस्पितळात एक म्हातारी नर्स आहे, ती इतक्या सावकाश ढवळते की बघणाऱ्याला झोप यावी. तिचे तुकडे मोडता मोडेनात. तुम्हा लँकेशायरवाल्यांना सगळ्याचीच घाई. एकदा जरा आमच्यासारखं बेतानं करून बघ की. चमचा हळू फिरव, फेटू नकोस. गंमत म्हणून.

~~तुझ्या तुकड्यांच्या आत मी~~

वरची ओळ खोडलीय, तिकडे लक्ष देऊ नकोस. हात घसरला.

आईला काठी वापरायला सांग. माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. पावसाचे दिवस आहेत, रस्ते निसरडे असतात. तिचं ऑपरेशन ऑक्टोबरच्या कुठल्या तारखेला झालं होतं गं? आणि त्या दिवशी भांडं नक्की तुझ्याच हातात होतं ना, की नव्या एखाद्या मुलीच्या? सहज विचारते.

तुझी
ऑड्री

---

रॅम्सक्लफ, २० जून

ऑड्रे,

वा गं वा! लीड्सला जाऊन अकरा वर्षं झाली नाहीत तर तुला "आम्ही यॉर्कशायरवाले" सुचायला लागलं! रॅम्सक्लफच्या नळाचं पाणी पिऊन वाढलीस, विसरलीस का? आणि ती तुमची झोपाळू म्हातारी! सिमेंट आठ-दहा मिनिटांत दगड होतं. तिच्या हातून ते हाडात जाण्याआधी भांड्यातच बसत असेल. म्हणून तुकडे मोडत नाहीत, भांड्यासकट येत असतील!

मिस्टर थ्रेलफॉलना तुझी ती बेतानं ढवळायची सूचना वाचून दाखवली. ते इतके हसले की मास्क खाली आला. म्हणाले, "प्रयोगशाळेतल्या लोकांनी उंटावरून शेळ्या हाकू नयेत." मग काय, मी परवा आणखी जोरात फेटलं.

मावशीचं ऑपरेशन तेरा ऑक्टोबरला. भांडं माझ्या हातात होतं, दुसऱ्या कुणाच्या हाती देईन का? आणि काठीचं नाव काढलं तर ती त्याच काठीनं मला बडवेल. जुलैत गिरण्यांना वेक्सची सुट्टी लागतेय. चॅपलच्या बायांबरोबर ब्लॅकपूलला जायचं म्हणून आत्तापासून टोपीला फीत लावतेय. टॉवरच्या नाचघरात नाचणार म्हणे. एकाहत्तराव्या वर्षी! मी म्हटलं, "मावशी, कुणाबरोबर?" तर म्हणते, "त्या खोलीत जो शेवटपर्यंत उभा राहील त्याच्याबरोबर."

बाकी तू अशी गुळमुळीत का लिहितेस? पूर्वी पानभर शिव्या घालायचीस. तब्येत बरी आहे ना?

हिल्डा

---

लीड्स, २ जुलै

प्रिय हिल्डा,

तब्येत बरी आहे. काम फार आहे.

डॉ. पिकल्सचा अहवाल शरदात निघेल. तोपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, असा दंडक आहे. पण बहिणीबहिणींत पैज लावायला कुणाची मनाई? तर पैज. तू सप्टेंबरपर्यंत सगळं सिमेंट हळू ढवळायचं. एका सेकंदाला एक फेरा, त्याहून जास्त नाही. मग मला परत तुकडे पाठव. ते यॉर्कशायरला भारी पडले तर मी रॅम्सक्लफला येऊन भर बाजारात "लँकेशायर श्रेष्ठ" असं ओरडेन आणि डुकराचं मांस भरून भाजलेली मोठी पाई तुझ्यापुढे ठेवीन. नाही पडले तर तू लीड्सला यायचं.

हे हसण्यावारी नेऊ नकोस. म्हणजे हस, पण कर.

विल्फचं सप्टेंबरच ना? नक्की?

आईला नाचू देऊ नकोस.

ऑड्री

---

रॅम्सक्लफ, १२ जुलै

ऑड्रे,

गाव कसं झालंय सांगू? धुराड्यांतून धूर नाही, भोंगा नाही, टेकडीवरच्या मेंढ्या इथून मोजता येतात. सगळं रॅम्सक्लफ ब्लॅकपूलच्या वाळूत लोळतंय. मावशीचं कार्ड आलं, नुसता टॉवर आणि खाली "झकास."

आणि आता खरी बातमी. विल्फचा खुबा झाला!

झालं काय, वेक्समध्ये ऑपरेशनला कुणी तयारच होत नाही. वर्षभर पैसे साठवून समुद्रावर खोली घेतलेली असते. खुबा काय, पुढच्या महिन्यातही दुखेल! मंगळवारचे दोघे आलेच नाहीत. गुरुवारचे दोघे निरोप ठेवून पळाले. मिस्टर थ्रेलफॉल सुरी घेऊन बसलेले, टेबल रिकामं. मी म्हटलं, "साहेब, आमचा रेडा घरीच बसलाय." ते म्हणाले, "आणा." गुरुवारी आठ तारखेला सकाळी विल्फ टेबलावर.

आपल्या नवऱ्याच्या ऑपरेशनला नर्सनं उभं राहायचं नाही, असा नियम आहे. पण सगळ्या पोरी सुट्टीवर, भांडं धरणार कोण? आणि खरं सांगते, असत्या तरी मी दिलं नसतं. विल्फचं दुसऱ्याच्या हातचं? छे! तुझी ती पैज आठवली आणि मला असं स्फुरण चढलं म्हणतेस! म्हटलं, घे यॉर्कशायर! नेहमीच्या दुप्पट फेटलं. मनगटात कळ आली, तरी थांबले नाही. असं फुलून आलं की मिस्टर थ्रेलफॉल म्हणाले, "सिस्टर, आज तर लग्नाचा केक केलात."

विल्फ दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन बोलला तो पहिलाच शब्द, "चहा." म्हणजे ठीक आहे. आता तुझी पाई तयार ठेव. नाहीतर नकोच ठेवू, ती तुमच्याकडची पाई घशाखाली उतरत नाही.

आज मी फार आनंदात आहे, ऑड्रे. चार वर्षं हा माणूस रात्री कूस बदलताना दात खाऊन आवाज दाबायचा, मला जाग येऊ नये म्हणून. मी जागीच असायचे.

हिल्डा

---

ब्लॅकपूल, १३ जुलै

हिल्डा,

हे पत्र बसून वाच. शेवटपर्यंत वाच आणि मगच मला काय म्हणायचं ते म्हण.

मी कालपासून इथे आहे. आई रविवारी इथल्या इस्पितळात आली. नाचली, आणि वॉल्ट्झच्या दुसऱ्या फेरीला तिचा पाय खालून गेला. पडली नाही, जोडीदारानं धरली. पण तेव्हापासून तिला पाय टेकवत नाही. खानावळवालीनं माझ्या प्रयोगशाळेत फोन केला. इथल्या डॉक्टरनं क्ष-किरण फोटो उजेडावर धरून दाखवला. दांड्याभोवतालचं सिमेंट आरपार तडकलंय. तो म्हणाला, "नऊ महिन्यांत? असं मी बघितलेलं नाही." मी बघितलंय.

सात नंबरचे तुकडे तुझे होते. नंबर मीच घातले होते, त्यामुळे मला ठाऊक होतं. त्या सावकाश ढवळणाऱ्या नर्सचे तुकडे तीस-तीस लाख दाब खाऊन मोडले. तुझा एकही सहा लाखांच्या पुढे गेला नाही. मोडलेला तुकडा भिंगाखाली धरला तर आत भोकंच भोकं, पावाच्या कापासारखी. ती हवा आहे, हिल्डा. फेटताना आत जाते ती. पुडिंग तिच्यानंच फुलतं. सिमेंट त्याच भोकापासून तडकायला लागतं. तू जितकं जीव लावून फेटलंस, तितकं ते कच्चं झालं.

हे मला नऊ जूनला कळलं. अकराला तुला पत्र लिहायला बसले, एक ओळ लिहिली आणि खोडली. कसं सांगू हे कळेना. आईच्या हाडात तेच आहे, हे मलाच सहन होत नव्हतं. शिवाय तुला या एकाच गोष्टीचा एवढा अभिमान. म्हणून चेष्टेत घातलं. वाटलं, चिडून का होईना, एकदा हळू ढवळून बघशील आणि तुझं तुलाच समजेल. फोन करायचा म्हणून दोनदा डबड्यात नाणं टाकलं आणि ठेवून दिला. मी भित्री आहे. लहानपणापासून तुला माहीत आहे ते.

आईला दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागेल. तिला मी सांगितलं नाही. ती म्हणते फरशी वाईट होती.

आता एवढंच कर. उद्यापासून फेटू नकोस. मिस्टर थ्रेलफॉल काय वाटेल ते म्हणोत. विल्फचं सप्टेंबरात आहे, तेवढा तरी वेळ आहे, देवाची कृपा.

ऑड्री

---

रॅम्सक्लफ, १६ जुलै

ऑड्री,

तुझं पत्र परवा आलं. माझं तुला मिळालं असेल.

मग आता तुला ठाऊक आहे.

काल गुरुवार. मिस्टर थ्रेलफॉलना तुझं पत्र दिलं. त्यांनी दोन ओळी वाचून परत केलं. म्हणाले, "बायकांच्या पत्रावर मी शस्त्रक्रिया करत नाही, सिस्टर. भांडं घ्या." मी घेतलं नाही. सगळ्यांसमोर हात मागे बांधून उभी राहिले. बावीस वर्षांत सर्जनला नाही म्हणायची ही पहिली वेळ. शेवटी त्यांनी पेशंट परत वॉर्डात पाठवला आणि मला मेट्रनपुढे उभं केलं. मेट्रननं मात्र पत्र पूर्ण वाचलं. खुर्ची दिली मला बसायला. लीड्सकडून लेखी खुलासा येईपर्यंत सिमेंटची कामं बंद, असं ती त्यांच्या तोंडावर म्हणाली. तेव्हा तुझ्या पिकल्ससाहेबांना शरद ऋतूची वाट बघू नका म्हणावं.

थिएटरचं रजिस्टर काढून बसले होते. नऊ जूनपासून आठ जुलैपर्यंत चौदा जण, पंधरावा विल्फ. त्याआधीचे दोन वर्षांतले सगळे माझे. माझ्या अडाणीपणाचे. पण हे चौदा तुझे आणि माझे. आजच भाजीवाल्याकडे त्यांतली एक भेटली, कुबड्या घेऊन. नवी टोपी घातली होती. माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, तुमच्यामुळे." मी कांदे तिथेच टाकून घरी आले.

पैज लावलीस तू, ऑड्री. मला! मी कशी आहे हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? यॉर्कशायरचं नाव काढलं की मी आंधळी होते, हे तू सहा वर्षांची असल्यापासून बघतेयस. तू मला नुसतं म्हणायचंस, "हिल्डा, थांब. माणसं मोडतील." एवढे चार शब्द. मी तुझं थोबाड फोडलं असतं आणि थांबले असते.

विल्फला मी सांगितलं. तुझ्यासारखं लपवणं मला जमलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे मी पुडिंग झालो." मग मलाच चहा घे म्हणाला.

सोबत एक पुडकं आहे. त्यात एक तुकडा आहे. आठ जुलैला विल्फच्या भांड्यात उरलं ते मी साच्यात दाबलं होतं, तुला जिंकून दाखवायला. तो यंत्रावर लाव आणि आकडा कळव. सांभाळून लिहायचं नाही. खोडायचं नाही. चेष्टा नाही. फक्त आकडा.

हिल्डा

---

लीड्स, २३ जुलै

हिल्डा,

डॉ. पिकल्सनी मेट्रनला आज तार केली आणि नऊही इस्पितळांना पत्रं पाठवली. सोमवारी मीच त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले. तसं मला जूनमध्ये उभं राहता आलं असतं.

तुकडा चार दिवस कोमट पाण्यात ठेवला, शरीरात असतो तसा. काल, गुरुवारी सकाळी साडेनऊला यंत्रावर चढवला. सेकंदाला तीन दाब. सबंध दिवस मी त्याच्यासमोर बसले. डॉ. पिकल्स दोनदा येऊन आकडा बघून गेले. संध्याकाळी कुलूप लावून घरी गेले तेव्हा एक लाखाच्या थोडं अलीकडे होतं. आज सकाळी आले तर चालूच होतं. मला वाटलं, चालेल. खरंच वाटलं.

दुपारी अडीच वाजता यंत्र थांबलं. तीन लाख तेरा हजार.

तू आकडाच मागितलास, पण आकड्याचा अर्थ न सांगणं म्हणजे पुन्हा लपवणंच होईल. तुझे आधीचे तुकडे पाच-सहा लाखांपर्यंत गेले होते, आणि आईच्या हाडातलं तसलंच सिमेंट नऊ महिने टिकलं. आई आठ स्टोनची. विल्फ चौदा. यंत्र म्हणजे माणूस नव्हे, हाड चहूबाजूंनी आधार देतं, आणि एका तुकड्यावरून मी शपथ घेणार नाही. पण त्यानं मागावर परत जाऊ नये. जिना चढू नये. खाट खाली आणा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या सर्जनला फोटो दाखवा. तडकण्याआधी काढलं तर हाड शाबूत राहील. वाट बघत बसलात तर नाही राहणार.

मी शनिवारी, एकतीस तारखेला सव्वादहाच्या गाडीनं येते. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही.

ऑड्री

---

रॅम्सक्लफ, २५ जुलै

ऑड्री,

अक्षर पाहून दचकू नकोस, मी विल्फ. बायकोशी लग्न ठरवताना एक पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हे दुसरं. चुका असतील.

मी बुधवारी घरी आलो. तुझं पाकीट काल सकाळी पडलं. हिल्डानं ते उचललं, टेबलावर ठेवलं, आणि तासभर त्याच्याभोवती झाडू मारत राहिली. आठवडाभर तिच्या पोटात अन्न नाही. शेवटी माझ्यासमोर टाकून म्हणाली, "तू वाच. मोठ्यानं." आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, "एकतीस लाख तीस हजार."

ती खालीच बसली. मला वाटलं, पडली. पण हसत होती, रडत होती, काय करत होती कोण जाणे. म्हणाली, "दुप्पट फेटलं त्यातच हवा निघून गेली असेल." मी म्हटलं, तसंच असणार, तुझ्या हाताचं कुणी काय सांगावं. मग तिनं दोन अंडी खाल्ली. तुझं पत्र मी चुलीत घातलं, त्यामुळे आता तुझं आणि माझं बोलणं तेवढं एकसारखं पाहिजे. शनिवारी तोंड पाडून येऊ नकोस.

तू म्हणशील, विल्फ, तू पण तेच केलंस जे मी केलं. केलं. मला कळतं. पण ऐक. त्या चौदा जणांची यादी तिनं लिहून काढलीय आणि उद्या सकाळपासून ती एकेका दारात जाणार आहे. स्वतः सांगणार, "माझ्या हातून असं झालंय, फोटो काढून घ्या." ते झाले की आधीच्या दोन वर्षांचे. मिस्टर थ्रेलफॉल म्हणालेत, गेलात तर नोकरी राहणार नाही. तरी ती जाणार. माझा आकडा कानावर पडला असता तर ती या उंबऱ्याबाहेर पडली नसती, आयुष्यभर माझ्या खाटेशी बसली असती. मग त्या बाईला कोण सांगणार होतं, टोपीवालीला? तिला तीन पोरं आहेत.

यादी संपू दे. मग मी तिला सांगेन, आणि तिनं डोक्यात तवा घातला तरी चालेल. तोवर मी जपून राहतो. खाट खाली आणा म्हणालो असतो तर तिला संशय आला असता, म्हणून आणलेली नाही. रात्री वर झोपतो, सकाळी दोन काठ्यांवर उतरतो.

आज सकाळी उतरताना, वरून चौथ्या पायरीवर, मांडीत काहीतरी कट्कन वाजलं. हिल्डा स्वयंपाकघरातून ओरडली, "काय पडलं रे?" मी म्हटलं, काठी.

विल्फ